असूयेने घडलेल्या तोतयाचे मन कसे वाचावे : टॉम रिप्लीचा अभ्यास

गुन्हेपटातला तोतया पाहताना आपले लक्ष साहजिकच त्याच्या युक्त्यांकडे जाते. खोटी सही कशी जमली, पासपोर्टाचे काय केले, पोलीस कुठवर येऊन पोहोचले यात आपण गुंतून जातो आणि चित्रपट संपल्यावर ‘पैशासाठी माणूस कोणत्या थराला जातो’ एवढे म्हणून मोकळे होतो. महत्त्वाकांक्षा आणि असूया यांतून घडलेला तोतया एवढ्याने हाती लागत नाही. त्याचे मन वाचायचे तर पाहण्याची एक वेगळी शिस्त लावून घ्यावी लागते. ती कशी लावावी हे येथे एकाच चित्रपटाच्या आधारे सांगत आहे, कारण दहा चित्रपट वरवर चाळण्यापेक्षा एक चित्रपट दोनदा नीट पाहणे या कामी कितीतरी अधिक उपयोगी पडते.

तो चित्रपट म्हणजे अँथनी मिंघेला यांचा १९९९ सालचा ‘द टॅलेन्टेड मिस्टर रिप्ली’. पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेच्या १९५५ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला असून त्याची कथा १९५८ च्या सुमारास घडते. न्यूयॉर्कमध्ये हलाखीत राहणाऱ्या टॉम रिप्लीला (मॅट डेमन) हर्बर्ट ग्रीनलीफ हा जहाजबांधणीतला बडा कारखानदार एक हजार डॉलर देऊन इटलीला पाठवतो. तेथे चैनीत राहणाऱ्या आपल्या मुलाला, डिकीला (ज्यूड लॉ), समजावून घरी आणावे एवढेच काम असते. टॉम डिकीच्या घरात शिरतो, त्याच्या सहवासाला चटावतो, दूर लोटला जाताच त्याचा खून करतो आणि त्याचे नाव धारण करून रोममध्ये राहू लागतो. पुढील विवेचनात शेवटापर्यंतचे कथानक येणार आहे, म्हणून ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी तो आधी पाहून घ्यावा.

पहिल्या वेळी तो सलग पाहावा, मध्ये थांबवू नये. चित्रपट दोन तास एकोणीस मिनिटांचा आहे आणि त्यातला बराच काळ आपण नकळत टॉमच्या बाजूने असतो. तो पकडला जाऊ नये असे आपल्याला वाटत राहते. ते वाटू द्यावे. खुन्याबद्दल वाटणारी ही काळजी लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. पुढच्या अभ्यासाचे सगळे भांडवल तीच आहे. दुसऱ्या वेळी मात्र वही घेऊन बसावे आणि प्रत्येक प्रसंगात दोनच गोष्टी टिपाव्यात. एक, या क्षणी टॉमकडे कोण पाहत आहे आणि कोणत्या नजरेने. दोन, जे खोटे या प्रसंगात जन्माला आले ते आधी कोणाच्या मनात आले, टॉमच्या की समोरच्याच्या. पैशाच्या नोंदी ठेवण्याची गरज नाही. पैसा या कथेत आहे आणि टॉमला तो हवाही आहे, पण तो जिथे जिथे दिसतो तिथे तो कोणाच्या तरी नजरेत जागा मिळवण्याचे साधन म्हणूनच दिसतो. माझ्या मते संपूर्ण व्यक्तिरेखेची किल्ली हीच आहे: टॉमला डिकीची मालमत्ता नको असते, डिकीकडे लोक ज्या नजरेने पाहतात ती नजर हवी असते.

सुरुवात जाकिटापासून करावी, कारण खुद्द टॉमही आपल्या अधःपाताची सुरुवात तिथूनच मोजतो. चित्रपटाच्या अगदी पहिल्या क्षणी त्याचा आवाज ऐकू येतो. सगळे पुसून टाकता आले असते तर, स्वतःपासून, त्या उसन्या जाकिटापासून, अशा अर्थाचे तो बोलतो. न्यूयॉर्कमधल्या एका श्रीमंती मेळाव्यात त्याला ऐनवेळी एका गायिकेबरोबर पियानो वाजवायचा असतो, आणि त्यासाठी त्याने प्रिन्स्टन विद्यापीठाचे जाकीट दुसऱ्याकडून मागून घेतलेले असते. कार्यक्रम संपल्यावर हर्बर्ट ग्रीनलीफ ते जाकीट पाहून स्वतःच ठरवतो की हा मुलगा प्रिन्स्टनचा आहे आणि आपल्या डिकीला ओळखत असणार. येथे थांबून टॉमचे उत्तर पुन्हा ऐकावे. तो ‘हो, मी प्रिन्स्टनचा’ असे म्हणत नाही. किंचित अडखळून तो फक्त डिकी कसा आहे असे विचारतो. एका प्रश्नात काम होते. खोटे हर्बर्टच्या मनात आधीच तयार होते, टॉमने फक्त ते मोडले नाही. त्यानंतर थोड्याच वेळात तो जाकीट परत करून आपल्या खऱ्या नोकरीवर जातो, आणि ती नोकरी असते नाट्यगृहाच्या प्रसाधनगृहात पाहुण्यांचे कोट झटकण्याची आणि त्यांच्या हाती टॉवेल देण्याची. ज्या सभागृहात संगीत चालले आहे त्याच्या पडद्याआडून तो चोरून पाहतो, आणि रात्री सभागृह रिकामे झाल्यावर तिथल्या पियानोवर बसतो, तेव्हा कोणी हटकताच माफी मागत उठतो. ज्याच्या हातात खरी कला आहे त्याला ती चोरट्यासारखी वापरावी लागते, हे या काही मिनिटांत आपल्या मनावर ठसते. पुढे जे घडते त्याचे समर्थन यातून होत नाही, पण टॉम स्वतःशी जे समर्थन करत असणार त्याचे मूळ येथे सापडते.

यानंतरचे खोटे वेगळ्या जातीचे आहे, आणि वहीत ते वेगळ्या रंगाने लिहावे. इटलीच्या बंदरावर उतरल्यावर मेरेडिथ लोग (केट ब्लँचेट) ही श्रीमंत घरातली तरुणी त्याला सहज नाव विचारते. या वेळी समोरच्याने काहीही गृहीत धरलेले नाही. हर्बर्टचे दडपण नाही, मोबदला नाही, कसलीही निकड नाही. तरीही टॉम आपले नाव डिकी ग्रीनलीफ असे सांगतो. अजून त्याने डिकीला पाहिलेलेही नाही! खुनाच्या कितीतरी आधी, डिकीच्या देखणेपणाची किंवा घराची भुरळ पडण्याच्याही आधी, तो ते नाव अंगावर चढवून पाहतो, आणि समोरचा चेहरा उजळताना त्याला दिसतो. गंमत अशी की मेरेडिथही वडिलांच्या वस्त्रोद्योगातल्या घराण्याचे नाव लपवून प्रवास करत असते. पुढे रोममध्ये ती सांगते की जन्मभर पैशात वाढलेल्या माणसाला, तो पैशाचा कितीही तिटकारा करो, तसाच पैसा असलेल्या आणि तसाच तिटकारा करणाऱ्या माणसांतच मोकळे वाटते. श्रीमंत मुलगी मोकळीक मिळावी म्हणून नाव टाकते आणि गरीब मुलगा प्रवेश मिळावा म्हणून नाव उचलतो. मेरेडिथ हे पात्र मूळ कादंबरीत नाही, ते मिंघेला यांनी घातले आहे, आणि पटकथा लिहिणाऱ्याने तर या भरीचा स्वतंत्र अभ्यास करावा.

आता असूयेकडे यावे. मेलनी क्लाइन या मनोविश्लेषक स्त्रीने १९५७ साली मांडलेला एक भेद येथे हाताशी ठेवावा. आपल्या माणसावर तिसऱ्याने हक्क सांगितला म्हणून होणारी जळजळ तीन माणसांमध्ये असते. दुसऱ्याजवळचे चांगले पाहून होणारी असूया मात्र दोघांमध्येच असते, आणि ती जेव्हा विकोपाला जाते तेव्हा ते चांगले मिळवण्याऐवजी नासवण्याची ओढ लागते. टॉमच्या बाबतीत दोन्ही एकत्र नांदतात आणि कोणत्या क्षणी कोणती वर आली हे टिपणे हे दुसऱ्या पाहण्यातले सर्वांत नाजूक काम आहे. डिकीची मैत्रीण मार्ज (ग्वेनेथ पॅल्ट्रो) मध्ये असते तेव्हा टॉम तिसरा माणूस असतो. डिकी सॅक्सोफोन वाजवतो, उन्हात लोळतो, वडिलांचे पैसे उडवतो आणि कोणीही जवळ आले की क्षणभर त्याच्यावर आपला सगळा प्रकाश टाकतो, तेव्हा टॉम आणि डिकी असे दोघेच उरतात. पुढे २००९ साली नील्स व्हान दे व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मानसशास्त्रीय अभ्यासांतून असूयेचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात माणूस स्वतः वर चढू पाहतो, दुसऱ्यात वर असलेल्याला खाली ओढू पाहतो. टॉमची गोष्ट पहिल्या प्रकाराने सुरू होते हे विसरू नये. इटलीला जाण्यापूर्वी तो डोळ्यांवर पट्टी बांधून जॅझच्या तबकड्या ऐकतो आणि कोण वाजवत आहे हे ओळखण्याचा सराव करतो, जणू परीक्षेची तयारी चालली आहे. त्याला स्वतःला अभिजात संगीत आवडते, जॅझ नाही. तरी तो ते शिकतो, आणि डिकीसमोर जॅझच्या तबकड्या ‘चुकून’ खाली पाडतो. महत्त्वाकांक्षी माणसाची मेहनत या टप्प्यावर अगदी खरी आहे, आणि म्हणूनच पुढचा पालट दुखतो.

तो पालट पाहण्यासाठी रोममधला प्रसंग आणि त्याच्या पाठोपाठ येणारा आरशाचा प्रसंग एकत्र जोडून पाहावेत. टॉमजवळ एकच कॉर्डुरॉयचे जाकीट असते आणि रोमला गेल्यावर तुला नवे जाकीट घेऊन देईन असे डिकी म्हणालेला असतो. पण रोममध्ये फ्रेडी माइल्स (फिलिप सीमोर हॉफमन) उघड्या मोटारीतून अवतरतो. तो डिकीचा जुना मित्र, त्याच वर्गातला, टॉमकडे पाहताक्षणी त्याची किंमत करणारा. तबकड्यांच्या दुकानातल्या काचेच्या खोक्यात डिकी आणि फ्रेडी दाटीवाटीने उभे राहून गाणी ऐकतात, हसतात, आणि टॉम काचेच्या बाहेर उभा राहतो. त्याला आत काय वाजते आहे ते ऐकूही येत नाही. मग डिकी काच उघडून, शहर पाहून घे आणि गाडीने परत जा, अशा अर्थाचे सांगतो. यात कोणीही आवाज चढवत नाही, शिवी देत नाही. अपमान इतका सहज केला जातो की करणाऱ्याला तो जाणवतही नाही. असूयाग्रस्ताला सर्वांत जास्त जिव्हारी लागणारी गोष्ट हीच असते: ज्याने आपल्या काळजाला घर केले त्याच्या लेखी आपण सोयीपुरते होतो. त्यानंतर लगेच, मोंजिबेल्लो या समुद्रकाठच्या गावातल्या डिकीच्या घरी, टॉम डिकीचे कपडे अंगात चढवून गाण्याच्या तालावर आरशासमोर नाचताना दिसतो. डिकी अचानक येऊन उभा राहतो, टॉम आरशाआड दडतो, आणि आपले कपडे काढून ठेव असे डिकी त्याला सांगतो.

या प्रसंगात प्रेक्षकाने स्वतःला विचारावे की टॉम आरशात कोणाकडे पाहत आहे. स्वतःकडे तर नक्कीच नाही. पण डिकीकडेही नाही, कारण तो डिकीची नक्कल उतरवत नाही, नाचतो तो आपल्याच आनंदात. डिकीच्या कपड्यांत असलेल्या माणसाकडे जग ज्या कौतुकाने पाहील ते कौतुक तो तेवढ्या वेळापुरते स्वतःच स्वतःला देत असतो. म्हणून डिकीचे येणे केवळ चोरी पकडली जाण्यासारखे नाही. ज्या नजरेची त्याने कल्पना केली होती तिच्या जागी खरी नजर येते आणि ती नजर किळसेची असते.

सान रेमोच्या समुद्रातला खून वहीत थोडक्यात नोंदवला तरी चालेल, मात्र तेथे क्रम अचूक लिहावा. आधी डिकी मार्जशी लग्न करणार असल्याचे सांगतो, मग टॉमला बांडगूळ म्हणून आणि कंटाळवाणा म्हणून हिणवतो, मग टॉम आपल्या मनातले सगळे बोलून टाकतो, आणि त्यावर डिकी जी थट्टा करतो तिच्यानंतर वल्ह्याचा पहिला फटका बसतो. चित्रपटातला हा खून ठरवून केलेला नाही. पाठोपाठ टॉम मृतदेहाला बिलगून होडीच्या तळाशी पडून राहतो, ही गोष्ट कोणत्याही हिशेबी गुन्हेगाराला न शोभणारी आहे. तोतयागिरीचा विचार त्यानंतर येतो, आणि तो कसा येतो? ओलाचिंब होऊन हॉटेलात परतल्यावर तिथला कारकून त्यालाच ग्रीनलीफ समजून बोलतो. पुन्हा दुसऱ्याचे गृहीतक, पुन्हा क्षणभराची शांतता. जाकिटाच्या प्रसंगाशेजारी ही नोंद ठेवली की व्यक्तिरेखेचा सांगाडा स्पष्ट दिसू लागतो.

सर्वांत जास्त वेळ मात्र रोममधल्या घराला द्यावा. डिकी झालेला टॉम चष्मा उतरवतो, डिकीची अंगठी घालतो, त्याच्या सहीने पैसे काढतो, दोन हॉटेलांत दोन नावांनी राहून स्वतःलाच निरोप पाठवतो, आणि शेवटी स्वतःसाठी एक देखणे घर लावतो. या घरात काय काय आहे ते चित्रफीत थांबवून पाहावे. पियानो आहे, जुन्या धाटणीच्या शोभेच्या वस्तू आहेत, रोमन सम्राट हेड्रियनचा दगडी अर्धपुतळा आहे. यातले डिकीचे काय आहे? काहीच नाही. डिकीला समुद्र, जॅझ आणि पसारा आवडत असे. टॉमने ज्याला डिकी म्हणून उभे केले आहे तो खरे तर संधी मिळालेला टॉम आहे. फ्रेडी दारात येतो तेव्हा हेच त्याच्या नाकाला प्रथम जाणवते. ही सजावट अगदीच मध्यमवर्गीय आहे, यात डिकीसारखे काही नाही, डिकीसारखा दिसतोस तो फक्त तूच, अशा अर्थाचे तो बोलतो, टॉमच्या केसांकडे बोट दाखवतो, पियानोच्या पट्ट्या बेदरकारपणे बडवतो. एवढे होऊनही तो निघून जातो. जिन्यात घरमालकीण भेटते आणि पियानो वाजवणाऱ्या ‘सिन्योर ग्रीनलीफ’बद्दल बोलते, तेव्हा त्याच्या संशयाची खात्री होते. तो परत वर येतो आणि तोच अर्धपुतळा त्याच्या डोक्यात बसतो.

म्हणजे ज्याने टॉमचा घात केला तो सहीतला दोष नव्हता की उच्चारातला फरक नव्हता. त्याची खरी कला आणि खरी आवड यांनीच त्याला उघडे पाडले. असूया बाळगणाऱ्या महत्त्वाकांक्षी माणसाला मनोमन असे वाटत असते की माझ्याकडे गुण आहेत आणि समोरच्याकडे फक्त नशीब आहे, तेव्हा त्याच्या जागी मी असतो तर ती जागा मी अधिक शोभवली असती. म्हणून तो नुसते अनुकरण करून थांबू शकत नाही, त्याला मूळ माणसाची दुरुस्ती करावीशी वाटते. तोतयाला पकडायचे असेल तर त्याने केलेली दुरुस्ती शोधावी, हा नियम मी या प्रसंगावरून घेतला आहे आणि अशा प्रकारच्या इतर व्यक्तिरेखा वाचतानाही तो कामाला येतो.

येथवर आल्यावर रोगाचे नाव देण्याचा मोह होईल. तो आवरावा. ‘हा मनोविकृत आहे’ असे एकदा म्हटले की पुढे पाहण्यासारखे काही उरत नाही, आणि चित्रपटातले अर्धे पुरावे या निदानाच्या विरोधात जातात. रोममध्ये ऑपेरा पाहताना, मित्राच्या हातून मित्र मारला जातो त्या द्वंद्वाच्या प्रसंगी, टॉमचे डोळे भरून येतात. आपल्या भूतकाळाला तळघरात कुलूपबंद करून ठेवल्याची वेदना तो बोलूनही दाखवतो. ज्यांना शास्त्रीय आधार हवा असेल त्यांनी त्याच काळातल्या दोन मनोविश्लेषकांच्या कामाकडे वळावे. हेलेन डॉइच यांनी तोतयाच्या मनावरचा आपला निबंध १९५५ साली, म्हणजे हायस्मिथ यांच्या कादंबरीच्याच वर्षी, प्रसिद्ध केला, आणि फिलिस ग्रीनएकर यांचा याच विषयावरचा निबंध १९५८ चा आहे. ग्रीनएकर यांच्या मांडणीतला एक मुद्दा आपल्या वहीशी थेट जुळतो: तोतयाला प्रेक्षक लागतो. केवळ फसवण्यासाठी नव्हे, तर समोरच्याच्या विश्वासातूनच त्याला आपण कोणीतरी आहोत याची ग्वाही मिळते. याउलट, पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ साली वर्णन केलेला अनुभव, ज्यात खरोखर कर्तबगार माणसाला आपण लायक नसून लोकांना फसवत आहोत असे वाटत राहते, त्याची टॉमच्या प्रकरणाशी गल्लत करू नये. तिथे माणूस खरा असतो आणि स्वतःला खोटा समजतो. टॉम खोटा असतो आणि या खोट्यावर आपला हक्क आहे असे समजतो.

दुसरी एक सावधगिरी याहून महत्त्वाची आहे. डिकीबद्दल टॉमला वाटणारे आकर्षण चित्रपटात लपवलेले नाही, आणि काही प्रेक्षक त्यावरून असा निष्कर्ष काढतात की त्याची समलैंगिकताच त्याच्या गुन्ह्याचे कारण आहे. हे वाचन चुकीचे तर आहेच, शिवाय अन्यायाचेही आहे. १९५८ साली अमेरिकेच्या एकाही राज्यात समलिंगी संबंध कायदेशीर नव्हते, त्यामुळे लपवणे हे अशा माणसाच्या रोजच्या जगण्याचाच भाग होते, एवढी पार्श्वभूमी अवश्य ध्यानात घ्यावी. पण लपवावे लागणारा प्रत्येक जण खुनी होत नाही, आणि याचा पुरावा चित्रपटातच पीटर स्मिथ-किंग्जली (जॅक डेव्हनपोर्ट) याच्या रूपाने उभा आहे. पीटरच्या मनात टॉमबद्दल ओढ आहे, तोही त्याच काळात जगतो आहे, आणि तो सरळ, उबदार, कोणाचे काही न हिरावणारा माणूस आहे. पीटरच्या प्रसंगांत वहीतला पहिला रकाना पुन्हा वाचावा. जी नजर टॉमने डिकीच्या नावावर चोरली तीच नजर येथे प्रथमच त्याच्या स्वतःच्या नावावर, न मागता, त्याला मिळते. आणि जहाजावर मेरेडिथ भेटते, जी त्याला डिकी म्हणून ओळखते. ती नातलगांसोबत आहे, तिला गप्प करता येण्यासारखे नाही. दोन नावे एका जहाजावर राहू शकत नाहीत म्हणून टॉम पीटरला मारतो, आणि मारण्यापूर्वी टॉम रिप्लीबद्दलच्या चांगल्या गोष्टी सांग असे त्याला विनवतो. माझ्या दृष्टीने संपूर्ण चित्रपटातले सर्वांत भीषण कृत्य हेच आहे, कारण येथे असूया नाही, राग नाही, फक्त आधीच्या खोट्याची वसुली आहे.

तोतयाच्या मनाचा अभ्यास त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांच्या अभ्यासाशिवाय पुरा होत नाही. मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. पानिपतावर १७६१ साली सदाशिवराव भाऊ पडल्यानंतर भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, १७७६ साली कोकणात त्याचे बंड माजले आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. भाऊ परत यावेत ही अनेकांच्या मनातली इच्छा त्या बंडाचे अर्धे बळ होती. रिप्लीच्या जगात हीच भूमिका हर्बर्ट ग्रीनलीफ बजावतो. मार्जला डिकीची अंगठी टॉमजवळ सापडते, जी कधीही बोटातून काढणार नाही असे वचन डिकीने तिला दिले होते. ती खरे ओळखते आणि ओरडून सांगते. हर्बर्ट तिला ऐकवतो की बायकांचे अंतर्ज्ञान वेगळे आणि वस्तुस्थिती वेगळी. डिकीने पूर्वी एका मुलाला बेदम मारले होते, हे खासगी गुप्तहेर शोधून काढतो आणि त्यावरून फ्रेडीचा खून डिकीनेच केला आणि मग स्वतःला संपवले, अशी सगळ्यांची समजूत पक्की होते. शेवटी डिकीच्या उत्पन्नातला वाटा हर्बर्ट टॉमच्याच नावे करतो. नीट पाहिले तर या वेळी टॉमला फारसे खोटे बोलावेच लागत नाही. ज्यांना आपल्या मुलाचे खरे रूप पाहायचे नव्हते त्यांनीच त्याच्यासाठी गोष्ट रचून दिलेली असते.

ज्यांना अशी व्यक्तिरेखा स्वतः लिहायची आहे त्यांनी वहीतल्या दोन रकान्यांवरून मागे जात काम करावे. आधी आपल्या तोतयाला कोणाच्या नजरेची भूक आहे ते ठरवावे, मग त्याच्याकडे एक अस्सल गुण द्यावा ज्याची त्या जगात किंमत होत नाही, आणि त्यानंतरच पहिले खोटे लिहावे. ते शक्यतो दुसऱ्याच्या तोंडून येऊ द्यावे. असूयेबद्दल पात्राला बोलायला लावू नये. असूया वाटणारा माणूस ती कबूल करत नाही, तो कौतुक करतो, मदतीला धावतो, सवयी पाठ करतो. टॉमनेही डिकीला आपले कौशल्य विचारल्यावर सही उठवणे, खोटे बोलणे आणि हुबेहूब नक्कल करणे असे चक्क खरे सांगून टाकले होते आणि डिकीला ते भलतेच गमतीचे वाटले होते. अशा जागी संवाद जितका हलका ठेवाल तितका तो पुढे जड होत जातो.

यानंतर तुलनेसाठी १९६० सालचा रेने क्लेमाँ यांचा फ्रेंच चित्रपट पाहावा, ज्यात आलाँ दलाँ रिप्ली झाला आहे, आणि वेळ असेल तर स्टीव्हन झेलियन यांची २०२४ मधली आठ भागांची कृष्णधवल मालिकाही पाहावी, ज्यात ती भूमिका अँड्र्यू स्कॉट यांनी केली आहे. तिन्ही पाहताना एकच प्रश्न धरून बसावे: खुनाचा निर्णय कधी झाला? दलाँचा रिप्ली आत्मविश्वासाने देखणा आहे, त्याला पाहताना हीनत्वाची बोच जवळजवळ जाणवत नाही आणि त्यामुळे तिथे लोभ पुढे येतो. कादंबरीतला टॉम होडीत बसण्यापूर्वीच, आगगाडीच्या प्रवासात, खुनाची योजना मनात जुळवतो आणि शेवटी निसटूनही जातो, तर क्लेमाँच्या चित्रपटात डिकीच्या जागी असलेल्या फिलिपचा मृतदेह नौकेला अडकून वर येतो. कादंबरी सर्वांत शेवटी वाचावी. हायस्मिथ वाचकाला टॉमच्या डोक्यात इतक्या जवळ बसवतात की ती आधी वाचली तर पडद्यावरचा प्रत्येक चेहरा आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहू लागतो, आणि मग त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरा वहीत उतरवण्याचे काम अवघड होऊन बसते.